चुलीवरची झूल

आमच्या भागात लाज म्हणून जी काही वस्तू होती, ती सगळीच्या सगळी आमच्या मोठ्या मामांनी एकट्यानं वापरली आणि म्हणूनच बाकीच्यांच्या वाट्याला ती आली नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. हे मी एकदा पत्रकात छापणार होतो, पण आईनं हात धरला. मामांना स्वतःची लाज वाटायची ती वेगळीच. तिला काही हिशेब नव्हता. पण दुसऱ्याचीही लाज त्यांनाच वाटायची. देऊळघाटच्या थांब्यावर एस्टी उशिरा आली तर मामा थांब्यावरच्या प्रत्येकाजवळ जाऊन मान खाली घालून म्हणणार, "लय उशीर झाला नं आज." जणू गाडीच्या चाकातली हवा यांनीच सोडली. शेजाऱ्याचा कोंबडा उन्हं वर आल्यावर आरवला तर हे आपल्या ओट्यावर ओशाळून बसणार. एका लग्नात वरण पातळ झालं. मामा मुलाकडचे पाहुणे, वरण मुलीकडचं. पण ज्या पंगतीत ते पातळ वरण वाढलं गेलं त्या पंगतीतून मामा उठले ते थेट मांडवामागं जाऊन उभे राहिले, आणि वऱ्हाड निघेपर्यंत पुढं आले नाहीत. मुलीच्या बापाला वाटलं, हे रुसले. तो बिचारा हातात पानाचा विडा घेऊन मांडवामागं गेला, तर मामाच त्याची समजूत काढायला लागले.

अशा माणसाला 'नाही' म्हणता येत नाही. 'नाही' या शब्दाचीच मामांना लाज वाटायची. त्यामुळं त्यांच्या घरातली कुठलीही वस्तू त्यांच्या घरात नसायची. कंदील एकाकडं, पहार दुसऱ्याकडं, आणि मामांचा एकुलता एक काळा कोट तर गावातल्या प्रत्येक नवरदेवाच्या अंगावरून फिरून आलेला. एकदा मामा माळवदावर उगवलेलं गवत काढायला चढले होते. खालून कुणीतरी ओरडलं, "काकाजी, शिडी नेऊ काय?" मामा वरून म्हणाले, "हाव, ने नं." शिडी गेली. मामा वर राहिले. आता हाक मारावी तर शिडी नेणाऱ्याला ओशाळल्यासारखं होईल, म्हणून सगळं गवत काढून झाल्यावर मामा माळवदावर उगीच इकडून तिकडं फिरत राहिले, येणाऱ्याजाणाऱ्याला वरूनच रामराम घालत राहिले, आणि दिवस कलला तेव्हा मामी अंगणात उभी राहून म्हणाली, "अवो, तुमची लाज अशी जात्यासारखी हाय. सारं गाव येते अन् आपआपले गहू दळून नेते." मामी एकटीच या घरात मोठ्यानं बोलायची. दोघांच्या वाटचं तीच बोलायची म्हणा ना.

पण मामांनी उसनी दिलेल्या सगळ्या वस्तूंमधली राणी म्हणजे झूल. मामीच्या लग्नातला लाल शालू विटल्यावर तिनं त्याची आपल्या बैलजोडीच्या दोन्ही पाठी झाकेल अशी एकच लांब झूल शिवली. जरीचा काठ तसाच ठेवला, मधे आरसे बसवले, कडेला घुंगरं लावली. पोळ्याच्या दिवशी मारुतीच्या पारापुढं आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात, गावातल्या जोड्या रांगेनं त्याच्याखालून जातात. पहिला मान मामांच्या घराचा. मामांची जोडी तोरणाखालून गेली की पाराच्या मागच्या बोळात तिची झूल उतरवायची आणि ज्याच्या बैलांना झूल नाही त्याच्याकडं पळत न्यायची. त्याची जोडी गेली की तिसऱ्याकडं. अशी ती झूल, अंगच्या घामासकट, एका पाठीवरून दुसऱ्या पाठीवर जात रांगेच्या शेपटापर्यंत पोचायची. मामा बाजूला उभे राहून पाहायचे. उघड्या पाठीचा बैल तोरणाखालून गेला की त्यांना आपलंच धोतर सुटल्यासारखं वाटायचं. गावाला या प्रथेचा फार अभिमान होता. मलाही लहानपणी होता.

त्या साली, नवीन राज्य होऊन जिल्हा परिषद नुकतीच कुठं कामाला लागली होती तेव्हा, आमच्या समाजसुधारक तरुणांच्या मंडळानं बुलडाण्याहून लुतीविरुद्ध मोहीम उघडली. जनावरांची लूत तेव्हा बोकाळली होती. आधी कुत्र्यांचे केस झडले, मग बकऱ्यांची, मग बैलांच्या मानेवर, शेपटीच्या बुडाशी हत्तीच्या कातड्यासारख्या घड्या पडू लागल्या. जनावर खुंटाला, भिंतीला, गाडीच्या दांडीला अंग घासघासून रक्त काढायचं, चारा सोडायचं, वाळत जायचं. ढोरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं की हा डोळ्याला न दिसणारा किडा आहे, कातड्यात बिळं करून राहतो, आणि अंगाला अंग लागलं, घोंगडी-जोखड एकाचं दुसऱ्याला लागलं की पसरतो. गंधक करंजाच्या तेलात खलून चोळा, गोठा झाडा, कापड उकळा, बरी होते. इतकं सोपं! पण लोक म्हणायचे, ज्या घरात गाईचं पाप घडलं त्याच घरच्या ढोराला लूत लागते. म्हणजे रोग बैलाला आणि कलंक घराला. म्हणून सगळे लपवायचे. मी संतापून पत्रक लिहिलं: "लपवाल तर पसराल! किडा पापपुण्य पाहून चढत नाही! लाज टाका, गंधक लावा!" सायकलच्या मागं गंधकाची गोणी, हँडलला तेलाचा डबा, गळ्यात पत्र्याचा कर्णा. गावोगाव ओरडलो. मला तिथं एक शोध लागला. लूत ही नेहमी नाल्याच्या पलीकडच्या गावात असते. अलीकडच्या गावात विचारलं तर म्हणायचे, "आपल्या इथं नाई बा, त्या पल्याडच्यायले इचारा." पलीकडं गेलो की ते अलीकडं बोट दाखवायचे. आणि बोट दाखवताना दुसऱ्या हातानं खाजवायचे! गंधक फुकट होतं, पण गोणी होती तशी भरलेली. गंधक घेणं म्हणजे कबुली देणं. ही असली लाज समाजाची शत्रू आहे, असं मी त्या दिवसांत प्रत्येक पारावर म्हणत होतो.

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी मामांच्या गावी पोचलो. मामा ओट्यावर बसले होते. श्रावणातली ती चिकचिक, अंगाला कापड नको वाटावं असा उकाडा, आणि मामांच्या अंगात तो काळा कोट, मनगटापर्यंत बटणं लावलेला. मला पाहून उठले, हसले, आणि हसता हसता दाराच्या चौकटीला पाठ लावून वर-खाली झाले. बैल जसा खुंटाला घासतो, अगदी तसे.

"मामा, कोट काऊन घातला?" मी विचारलं.

"तू येनार होता नं," मामा म्हणाले. "पावन्यापुढं उघडं बसाव काय?"

मी येणार हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी गोठ्याकडं गेलो. गोठ्याच्या तोंडाला पोत्याचा पडदा लावलेला. मामा मागोमाग आले, माझा हात धरून म्हणाले, "आत नको जाऊ बे. पाखऱ्याले नजर लागते." मी पडदा सारला. पाखऱ्या म्हणजे मामांचा पांढरा बैल, गावाचा देखणा. त्याच्या मानेवर, वशिंडाखाली, शेपटीच्या बुडाशी पांढऱ्या चुन्याचे गोल गोल पट्टे काढलेले. सणाची रंगरंगोटी म्हणावी अशी. मी बोट लावलं, चुन्याचा पापुद्रा निघाला आणि खाली कोंडा, खपल्या, लाल चामडं. पाखऱ्यानं माझ्या हाताला मान घासली. थांबायलाच तयार नाही.

माझ्या तोंडून मोठ्यानं निघालं, "मामा, ही लूत आहे!"

"हळू बोल नं बाप्पा," मामा कळवळून म्हणाले, "त्याले ऐकू जाईन."

त्याला म्हणजे बैलाला. मामांना बैलापुढंही लाज वाटत होती. मी पत्रक काढून त्यांच्या हातात दिलं. मामांनी ते लांब धरून हळूहळू वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडलं. "हे तू लिवलं? माह्या भाशानं?" मी हो म्हणालो. मामांचं तोंड पांढरं पडलं. "मंग आता देऊळघाटच्या बजारात मले तोंड दाखवाची सोय नाई. ज्याचा भाशा लुतीचे कागद वाटते त्याच्याच गोठ्यात लूत!" मी त्यांना सामाजिक प्रश्नाची सगळी मांडणी ऐकवली. मामा मान हलवत राहिले आणि कोटाच्या बाहीवरून दंड चोळत राहिले. शेवटी मामी आतून ओरडली, "अरे बापू, त्याह्यले बी लागली अन् मले बी लागली. तुह्या मामाची रात सारी अंग खाजवन्यात जाते अन् दिवस सारा तो लपवन्यात जाते." मग मामांनी बाह्या वर केल्या. दंडभर पुरळ. "बैलापासून आलेली बैल बरा झाला की जाते," मी डॉक्टरांचं वाक्य सांगितलं. माझ्या गोणीचं तोंड त्या मोहिमेत पहिल्यांदा उघडलं ते तिथं, माझ्याच मामाच्या अंगणात. मला कुठं पाहावं कळेना. नाल्यापलीकडं बोट दाखवणाऱ्या गावांना शिव्या देत हिंडत होतो, आणि पलीकडचं गाव ते हेच!

संध्याकाळी खांदशेकणी. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला हळद-लोणी लावून शेकतात आणि हात जोडून त्याला जेवायचं निमंत्रण देतात. मामा पाखऱ्याच्या खांद्याजवळ पळसाच्या पानावर लोणी घेऊन उभे. "आज आवतण घ्या," म्हणाले, आणि पुढचं "उद्या जेवाले या" काही त्यांच्या तोंडून निघेना. ज्याला उद्या जेवायला बोलावायचं त्याचा रोग उद्या आपण लाल शालूखाली झाकणार, हे बहुतेक त्यांच्या मनात आलं असावं. तेवढ्यात शेजारचा गणपत फाटकात आला.

गणपतची जुनी जोडी पावसाळ्याआधी एकापाठोपाठ गेली होती. उन्हाळाभर मजुरी करून, बायकोचं असेल नसेल ते मोडून त्यानं साखरखेर्ड्याच्या बाजारातून कोवळी जोडी आणली होती. त्यांचा हा पहिला पोळा. कातडं असं की माशी बसली तर घसरावी. मामा रोज एकदा तरी कुंपणावरून ती जोडी पाहायचे आणि गणपतपेक्षा जास्त खूश व्हायचे.

"दादा," गणपत म्हणाला, "उद्या तुमच्या मागं माह्यीच जोडी लावून राह्यलो. तुमची झाली का झूल आधी मले पायजे बरं. पोरीनं शिंगं रंगवली. म्हने, झूल घातल्याबिगर मी पाहनार नाई."

"हाव, हाव," मामा म्हणाले. "घे नं. तुह्यीच हाय."

गणपत गेला. मी बोलायला तोंड उघडलं, तर मामांनी हात वर केला. "मले समजते बे," म्हणाले. "तुह्या कागदात लिवेल हाय. झुलीतून जाते."

"मग त्याला हाक मारून सांगतो. नाहीतर उद्या कर्ण्यातून—"

"नाई." इतकं स्वच्छ 'नाही' मी मामांच्या तोंडून तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. "बैल माहा हाय. तुह्या भोंग्याचा नाई." आणि ते गोठ्यात जाऊन बसले. मामीनं जेवायला हाक मारली तरी उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पारापुढं सगळं गाव. शिंगांना बेगड, कपाळाला बाशिंगं, ढोलावर थाप, पोरं झडत्या, पोळ्याची ती खोडकर गाणी, म्हणून एकमेकांना चिडवताहेत. गावचे पाटील तोरणाखाली नारळ घेऊन उभे. मानाची जोडी अजून आली नाही म्हणून रांग खोळंबलेली. दुसऱ्या नंबरवर गणपत, अंगात धुतलेला सदरा, शेजारी त्याची मुलगी. मग बोळातून मामा आले. आधी वास आला. गंधक आणि करंजाचं तेल यांचा तो वास ज्याला ठाऊक आहे त्याला मी काय सांगू! पाखऱ्या आणि त्याचा जोडीदार, दोघंही मानेपासून शेपटीपर्यंत पिवळे, तेलकट. चुना पुसलेला. पाठ उघडी. जिथं केस गेले तिथं गेलेले सगळ्यांना दिसत होते. मामा तोरणाकडं आलेच नाहीत. रांगेपासून लांब, नाल्याच्या काठच्या लिंबाखाली त्यांनी जोडी उभी केली आणि स्वतः बैलांच्या मधे, जमिनीकडं बघत उभे राहिले.

ढोल थांबला. गणपत चार पावलं पुढं आला. "दादा, झूल?"

"चुलीवर हाय," मामा म्हणाले.

"अं?"

"झूल चुलीवर हाय. तुह्यी वहिनी उकळून राह्यली."

लोक हसले. एकजण म्हणाला, "औंदा पुरनाच्या जागी झूल खानार काय हो काकाजी?" पुन्हा हसू. पण गणपत हसला नाही. त्याचा चेहरा उतरला. त्याला वाटलं, काल हो म्हणून आज द्यायची नाही म्हणून ही थट्टा. मुलगी त्याचा सदरा ओढायला लागली. "नसंल द्याची तं नाई म्हना नं दादा," तो हळू म्हणाला. "गरिबाची मजाक काऊन करता?"

मी मामांकडं बघत होतो. त्यांच्या आत दोन लाजांची कुस्ती लागलेली मला दिसत होती. आपल्या गोठ्यातली लूत गावाला कळण्याची एक, आणि आपण गणपतची थट्टा केली असं त्याला वाटण्याची दुसरी. पहिली आठवडे न् आठवडे त्यांच्या अंगावर बसून होती. दुसरी नुकतीच आली, आणि तिनं पहिलीला उचलून आपटलं. मामांनी कोट काढला. भर पारापुढं, उघड्या अंगानं, पुरळ आलेले दंड पुढं करून ते म्हणाले, "पाखऱ्याले लूत हाय गणपत. मले बी हाय. तुह्यी जोडी चांगली हाय बे. तिच्या पाठीवर मी माह्यी झूल कशी टाकू?"

पाटलांनी नारळ या हातातून त्या हातात घेतला. एक म्हातारा "मान गेला रे बाप्पा" असं म्हणाला तेवढंच. मग पाटलांनी गणपतला पुढं व्हायची खूण केली. गणपतनं आपल्या खांद्यावरचं उपरणं एका बैलाच्या पाठीवर टाकलं, बायकोकडून लुगड्याचा धडपा मागून दुसऱ्याच्या पाठीवर टाकला, आणि त्याची जोडी पहिल्या मानानं तोरणाखालून गेली. ढोल पुन्हा वाजला. रांग सरकली. माझा कर्णा गळ्यात तसाच लोंबत होता. लिंबाकडं कुणी बघत नव्हतं. मामा बैलांशी काहीतरी बोलत होते. मी जवळ गेलो तेव्हा ऐकू आलं, कालचं राहिलेलं वाक्य ते आता पुरं करत होते, "जेवाले चाला, घरी जेवाले चाला."

उन्हं उतरली. बैल घरोघर ओवाळून झाले. मामांच्या अंगणात मी आणि मामा गोणीजवळ बसलो होतो. मामीनं पाखऱ्यापुढं पुरणाचं ताट ठेवलं होतं. उकळलेली झूल दोरीवर ठिबकत होती. मग फाटकाशी एकजण खाकरला. "ते गंधक उरलं काय थोडं? माह्यासाठी नाई, कुत्र्यासाठी." त्याच्याकडं कुत्रं नव्हतं हे मामांना ठाऊक होतं. थोड्या वेळानं दुसरा आला. त्याला मेव्हण्याच्या बैलासाठी हवं होतं. मेव्हणा नाल्यापलीकडच्या गावचा. मग एक बाई, शेजारणीच्या बकरीसाठी. मी खवळून "स्वतःच्या—" असं म्हणायला लागलो, तर मामांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. जो येईल त्याच्या पायांकडंच बघत, चेहऱ्याकडं न बघता, ते गंधक देत होते आणि तेलात कसं खलायचं ते सांगत होते. म्हणत होते, "सांगजा तुमच्या मेव्हन्याले, कापड उकळाव लागते." पुड्या बांधायला कागद हवे होते. माझ्या पत्रकांचा गठ्ठा समोर होता. "लाज टाका, गंधक लावा!" त्या दिवशी माझं पत्रक त्या गावात घरोघर गेलं, आतमधे गंधक आणि बाहेर माझा संताप. गोणी रिकामी झाली. पाखऱ्याला नवे केस आले. गणपतच्या जोडीला लूत शिवली नाही.

झुलीचा लाल रंग मात्र उकळत्या पाण्यात गेला. जरीचा काठ काळा पडला, आरसे अर्धे गळाले. पुढच्या वर्षीपासून गावातल्या प्रत्येकानं आपापली झूल केली, कुणी पोत्याची, कुणी जुन्या लुगड्याची. कुणी कुणाची मागत नाही. बरोबरच आहे, आम्ही तेच तर सांगत होतो. पहिला मान गणपतकडं गेला तो तिकडंच राहिला. मामा आता रांगेच्या शेवटाला असतात. यंदा पोळ्याला मी गेलो तर पाखऱ्याच्या पाठीवर साधी घोंगडी, आणि ती जुनी झूल मामांच्या हातावर, धुतलेली, नीट घडी घातलेली.

"मामा, ही कशाला आणली?"

"उकळून आनली बरं," मामा घाईनं म्हणाले. मग रांगेवरून नजर फिरवत, कुणाची पाठ उघडी राहिली का पाहत म्हणाले, "असंच. कोनी मांगतली तं."

सगळ्या पाठी झाकलेल्या होत्या. "चांगलं हाय," मामा म्हणाले, आणि झुलीवरचा उरलेला एक आरसा बोटानं पुसत राहिले. मी शहरात भाड्याच्या खोलीत राहतो, माझ्याकडं बैल नाही. असता तर त्या दिवशी मी झूल मागितली असती.